नागपूरला बर्जेस लागू होतो की हॉइट? प्रोजेक्टमध्ये अडकली आहे, मदत करा

भूगोलवाली_पोट्टी

नमस्कार मंडळी. एमए भूगोल, शेवटचं सेमिस्टर. प्रोजेक्टचा विषय आहे नागपूर शहराचं भूमी उपयोजन. सरांनी सांगितलं की तीन सिद्धांत घे, बर्जेसचा समकेंद्री वलयांचा, हॉइटचा वृत्तखंडाचा (शहर पाचरीसारख्या भागांत वाढतं) आणि हॅरिस-उलमनचा बहुकेंद्री (शहराला एक नाही, अनेक केंद्रं), आणि यातला कोणता नागपूरला लागू पडतो ते नकाशावर दाखव.

आता माझी अडचण सांगते. कंपासचं टोक बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात व्हरायटी चौकाजवळ ठेवलं की पहिलं वलय बरोबर येतं, दुकानं, ऑफिसं, सगळं. पण दुसऱ्या वलयात बर्जेस म्हणतो तसे जुनाट घरं, छोटे कारखाने, नवीन आलेले गरीब मजूर असं काहीतरी पाहिजे, आणि माझ्या नकाशात तिथे पश्चिमेला सिव्हिल लाइन्सचे मोठे मोठे बंगले येऊन राहिले. टोक जुन्या बाजारात, इतवारीत ठेवलं तर बर्डीच मधल्या वलयात जाते, ते तर आणखीच विचित्र दिसतं. हॉइट वर्धा रोडला छान बसतो पण पूर्व नागपूरला काय करायचं ते समजत नाही. शेवटी "बहुकेंद्री लागू पडतो" असं लिहून मोकळं व्हावं असं वाटतं, वर्गातले अर्धे लोक तेच लिहून राहिले. पण मग सिद्ध काय केलं आपण?

आणि एक, भारतीय शहरांसाठी वेगळा काही सिद्धांत आहे का? पुस्तकात सगळं शिकागोच शिकागो आहे.

---

नकाशावाला

ताई, प्रश्न चांगला विचारलास, आणि अडकलीस ते बरोबर जागी अडकलीस. कंपास बाजूला ठेव थोडा वेळ.

बर्जेसने १९२५ मध्ये जे मांडलं ते शिकागो बघून मांडलं, आणि तिथेही पूर्ण वर्तुळ नाही, अर्ध्या भागात मिशिगन सरोवर आहे. त्याचा मुद्दा वलयं नव्हताच, त्याचा मुद्दा होता हालचाल. बाहेरून माणसं लोंढ्याने येतात, स्वस्त म्हणून मध्याजवळच्या पडक्या घरांत राहतात, थोडे पैसे आले की बाहेरच्या वलयात सरकतात, त्यांच्या जागी नवीन येतात. आक्रमण आणि अनुक्रमण हे शब्द त्या लोकांनी वनस्पतिशास्त्रातून उचलले. म्हणजे तो नकाशा एका ठराविक शहराच्या ठराविक काळातला आहे, सपाट जमीन, एकच मध्य आणि सगळी जमीन बाजारात विकायला मोकळी. या तीन अटी नागपूरला लाव आणि बघ काय होतं.

एकच मध्य? नागपुरात दोन शहरं पाठीला पाठ लावून उभी आहेत. पूर्वेचं शहर आधीचं. बख्त बुलंद शाहने १७०२ च्या सुमारास वसवलं, चांद सुलतानने भिंत आणि जुम्मा तलाव बांधला, मग रघुजी भोसल्यांनी राजधानी केली, महाल आणि इतवारी भरली. १८१७ ची सीताबर्डीची लढाई झाली, १८५३ मध्ये राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि इंग्रजांनी आपलं शहर टेकडीच्या पलीकडे पश्चिमेला मांडलं, ऐसपैस, झाडं, बंगले, कचेऱ्या. १८६७ मध्ये रेल्वे आली ती बरोबर दोघांच्या मधून. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली ती जुम्मा तलावाच्या काठी, कापूस भोवताली पिकतो, रूळ जवळ, पाणी शेजारी. आता त्या जागेवर मॉल उभा आहे.

म्हणजे रूळ ही खरी सीमा आहे. आजही पूर्वेचा माणूस पश्चिमेला यायचा तर लोहापूल, रामझुला, अजनीचा पूल अशा मोजक्या जागांतूनच येतो आणि पावसाळ्यात लोहापुलाखाली पाणी भरलं की काय होतं ते तुला मी सांगायला नको. कोणत्याच वलयाला असा रेल्वेचा चिरा सहन होत नाही.

भारतीय सिद्धांताबद्दल विचारलंस, तर अशोक दत्त यांची मांडणी शोध. त्यांनी दक्षिण आशियातल्या शहरांचे दोन नमुने केले, एक वसाहती शहर आणि एक बाजारावर वाढलेलं शहर. वसाहती नमुन्यात देशी वस्ती एकीकडे, सिव्हिल लाइन्स दुसरीकडे, छावणी वेगळी, रेल्वे कॉलनी वेगळी. बाजाराच्या नमुन्यात चौकाभोवती व्यापारी, वर राहणं खाली दुकान. नागपुरात दोन्ही नमुने आहेत, एक रुळाच्या या बाजूला आणि एक त्या बाजूला. छावणी पाहिजे तर कामठी आहे, १८२१ पासूनची.

हॉइटवर नंतर लिहितो, जेवायला हाक आली.

---

इतवारीकर

नकाशावाला भाऊंनी चांगलं सांगितलं पण एक गोष्ट मी सांगतो कारण आमचं तीन पिढ्यांचं दुकान इतवारीत आहे. बर्जेसवाल्या नोट्समध्ये जुन्या बाजाराला "संक्रमण पट्टा" म्हणून टाकतात, मुलीच्या पुस्तकात वाचलं मी. जुनी घरं, अरुंद गल्ल्या, म्हणजे पडीक भाग. अरे इतवारीत जमिनीचा भाव विचारून पहा ना एकदा राजेहो! घर पडायला आलेलं असेल पण खालची दहा फूट रुंदीची जागा सोडायला कोणी तयार नाही.

सराफा ओळीत येऊन एक इमारत नीट पहा ताई. खाली गादी आणि शोकेस, रस्त्याला तोंड जेमतेम आणि आत लांबच लांब. जिना चढलं की पहिल्या माळ्यावर कारागीर बसलेले, बरेचसे बंगाली, मांडी घालून, समोर छोटी भट्टी आणि ट्रे, खाली पडलेला सोन्याचा कण वाया जाऊ नये म्हणून जमीनसुद्धा झाडून ठेवतात, तो केरही विकला जातो. त्याच्या वर गोदाम नाहीतर कारागिरांची राहायची जागा, आणि एकदम वर मालकाचं घर, आता बरेच मालक वर्धमाननगर नाहीतर पश्चिमेला गेले म्हणून कुलूप. म्हणजे एकाच पायावर व्यापार, कारखाना, गोदाम, निवास चारही. तुझ्या नकाशात तू ती इमारत कोणत्या रंगाने रंगवणार? लाल की पिवळी? वरून पाहिलं तर एकच चौकोन दिसतो. जुन्या गावाचं भूमी उपयोजन माळ्यामाळ्याने लिहावं लागतं.

आणि ओळी पहा. सराफा ओळ, भांडे ओळ, लोहा ओळ, मस्कासाथ. एकाच मालाची दुकानं एकमेकाला खेटून. बाहेरचा माणूस म्हणतो स्पर्धा होत असेल, पण गिऱ्हाईक येतंच त्यामुळे, उमरेडचा, भंडाऱ्याचा किरकोळ दुकानदार एका सकाळी दहा ठिकाणी भाव काढतो आणि माल भरून संध्याकाळच्या गाडीने परत. हे हॅरिस-उलमननी १९४५ मध्ये लिहिलंच आहे म्हणतात, सारखे धंदे एकत्र येतात. धंतोलीतले दवाखाने पण त्यातलेच. एक मोठा डॉक्टर बसला, मग पॅथॉलॉजी, मग औषधाचं दुकान, मग दुसरा डॉक्टर, आणि राहणाऱ्यांना स्वतःच्या फाटकातून गाडी काढता येत नाही.

---

नकाशावाला

जेवून आलो. इतवारीकर काका, माळ्यामाळ्याने लिहायचा मुद्दा एकदम पक्का, ताई हे प्रोजेक्टमध्ये घेच, दोन-तीन इमारतींचे उभे छेद काढ, परीक्षक पण थांबून पाहील.

तर हॉइट. १९३९. अमेरिकेच्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये होता, १४२ शहरांतली घरभाड्यांची आकडेवारी मांडून त्याने दाखवलं की जास्त भाड्याची वस्ती वलयात पसरत नाही, एका पाचरीत सरकते, एकदा एका दिशेला लागली की त्याच दिशेला बाहेर बाहेर जाते. कोणती दिशा? चांगला रस्ता असलेली, पुढारी लोकांची घरं असलेली, उंचावरची, जिथे पूर येत नाही अशी, आणि पुढे मोकळी जमीन असलेली.

आता नागपूरचा उतार पहा. पश्चिमेला उंच, सेमिनरी हिल्स, अंबाझरी, फुटाळा. नाग नदी पश्चिमेकडून अंबाझरीतून निघते, शहराच्या पोटातून पूर्वेला जाते आणि पारडीच्या पुढे निघून जाते. तिच्यात जे जे सोडलं जातं ते सगळं पूर्वेला पोचतं. कचरा डेपो कुठे? भांडेवाडी, पूर्वेला. कळमन्याचा बाजार, ट्रकची वर्दळ, ती पण तिकडेच. सिव्हिल लाइन्सपासून धरमपेठ, रामदासपेठ, मग खामला, प्रतापनगर, वर्धा रोड, अशी पैसेवाल्यांची पाचर नैर्ऋत्येला सरकत गेली ती आपोआप नाही गेली, उतार, पाणी, विमानतळाचा रस्ता आणि साहेबांचे बंगले या चारही गोष्टी एकाच बाजूला होत्या. म्हणून पूर्व नागपूरला काय करायचं हा तुझा प्रश्न हॉइटच्या बाहेरचा नाहीच. तीच पाचर दुसऱ्या टोकाकडून वाच, वरच्यांनी जे नको म्हटलं ते खालच्या अंगाला गेलं.

---

उत्तर_नागपूर

इथे एक बोलायलाच पाहिजे. हॉइटच्या भाड्याच्या नकाशांबद्दल सगळे बोलतात पण त्याच फेडरल हाउसिंगच्या नियमांत काळ्या लोकांची वस्ती म्हणजे जोखीम असं धरून कर्जाची हमी नाकारली जायची. मग तिथे घरांची दुरुस्ती होणार कशी, किंमत वाढणार कशी? नंतर नकाशा काढून म्हणायचं की हा कमी भाड्याचा वृत्तखंड आहे. बर्जेसचे शब्द वनस्पतींचे असल्यामुळे असं वाटतं की माणसं निसर्गनियमाने वेगवेगळी राहतात. नाही राहत. कोणीतरी वेगळं ठेवतं.

माझं बालपण इंदोऱ्यातलं. नोकरी लागल्यावर पश्चिमेला घर भाड्याने शोधत होतो तेव्हा आडनाव विचारेपर्यंत घर रिकामं असायचं आणि आडनाव सांगितलं की "आत्ताच दिलं हो". भाडं देण्याची ऐपत होती, बोली लावायला मी तयार होतो, तरी जागा मिळत नव्हती. अलोन्सोने १९६४ मध्ये बोली-भाड्याचा सिद्धांत मांडला, जो मध्याजवळच्या जागेला सगळ्यात जास्त बोली लावेल त्याला ती मिळते. त्याच्या आलेखात अंतर आणि भाडं एवढे दोनच अक्ष आहेत. आपल्याकडे तिसरा अक्ष आहे ताई, तो प्रोजेक्टमध्ये घे. टांडापेठ, पाचपावलीत कोष्टी विणकर का, जरीपटक्यात फाळणीनंतर आलेले सिंधी का, इंदोऱ्यात आमची वस्ती का, हे अंतर मोजून कळणार नाही.

आणि वॉल्टर फायरीचं नाव नोट्समध्ये नसेल तर टाक. त्याने १९४५ मध्ये बॉस्टनवर लिहिलं. शहराच्या मधोमध बॉस्टन कॉमन नावाचं मैदान, जमिनीचा भाव बघता तिथे कधीच इमारती यायला पाहिजे होत्या, नाही आल्या, कारण लोकांच्या मनात त्या जागेचं मोल वेगळं आहे. आपल्याकडे दीक्षाभूमी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा घेतली. रामदासपेठ, लक्ष्मीनगरच्या ऐन मध्ये ती जमीन आहे, तिला कोणी भाव लावून दाखवावा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसं येतात तेव्हा त्या भागाचं भूमी उपयोजन तीन-चार दिवस पूर्ण बदलतं, रस्त्यांवर पुस्तकांची दुकानं लागतात, शाळांमध्ये लोक झोपतात, चौकाचौकात जेवणाचे मंडप. जमीन उपयोगाच्या कोणत्याही नकाशात हे येत नाही, तू आण.

---

भूगोलवाली_पोट्टी

बाप्पा, एवढं सगळं! मनापासून धन्यवाद सगळ्यांना. @उत्तर_नागपूर दादा, तुमचा मुद्दा मी वेगळं प्रकरण करून घेते, आडनावाचा अनुभव आमच्या वर्गातल्या दोघींचा पण सेम आहे.

एक गोष्ट मला आता खटकून राहिली. बोली-भाडं धरलं तर बर्डीच्या अगदी जवळ सगळ्यात दाट बांधकाम पाहिजे ना? पण महाराजबागेच्या मागे कृषी महाविद्यालयाची चक्क शेतं आहेत. गहू उभा असतो तिथे! सॅटेलाइट इमेजवर शहराच्या पोटात हिरवा तुकडा दिसतो. हे कसं समजावून सांगू?

---

नकाशावाला

हाच तुझा प्रोजेक्ट आहे ताई. बाकी सगळं याच्या भोवती बांध.

फॉन थ्यूनेनने १८२६ मध्ये सांगितलं होतं की बाजाराच्या गावाजवळ दूध-भाजी, मग जळणाचं लाकूड, मग धान्य, अशी शेतीची वलयं पडतात. त्याच्या हिशोबाने गहू बर्डीपासून कितीतरी लांब पाहिजे. तो तिथे उभा आहे कारण ती जमीन बाजारात कधी आलीच नाही. आता तसल्या सगळ्या जमिनी मोज. बर्डीचा किल्ला, शहराच्या मधली टेकडी, सैन्याकडे. सिव्हिल लाइन्समधले सरकारी बंगले, विधानभवन, हायकोर्ट. राजभवनाचं रान. कस्तुरचंद पार्क. रेल्वेची जमीन, स्टेशनपासून अजनीपर्यंत. कृषी विद्यापीठाची शेतं. मेडिकलचा परिसर. दीक्षाभूमी. तलाव आणि त्यांचे काठ. १९५६ मध्ये राजधानी गेली पण राजधानीच्या जमिनी राहिल्या.

आधी नकाशावर हे एका रंगात भर. मग उरलेल्या जागेत बर्जेस, हॉइट, अलोन्सो काय ते लाव. मला खात्री आहे की नागपूर पसरट का झालं, माणसं बेसा-बेलतरोडीला का गेली, याचं अर्धं उत्तर त्या रंगात दिसेल. मध्ये जागा नाही असं नाही, मध्ये विकायची जागा नाही. आणि ती नाही हे चांगलंच आहे, उन्हाळ्यात ४५ डिग्रीला सिव्हिल लाइन्समधून गाडीवर जाऊन पहा आणि मग मानेवाड्यातून जा, फरक अंगाला कळतो. ती शेतं आणि ती झाडं राहिलीच पाहिजेत असं माझं मत आहे, मेट्रो आली, भाव वाढले म्हणून प्रत्येक हिरव्या तुकड्याकडे प्लॉट म्हणून पाहायला लागलो तर हे शहर राहण्यासारखं उरणार नाही.

---

बेसा_रोड

पसरट का झालं ते मी सांगतो, मी त्यातच राहून राहिलो.

नागपुरात सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने आली. जमीन संपादन करा, लेआउट पाडा, रस्ते नाल्या करा, प्लॉट लीजवर द्या. जे भाग असे आधी आखून मग वसले ते आजही चांगले आहेत. लक्ष्मीनगरचा आठ रस्ता चौक पहा, मैदान जवळ, शाळा जवळ. क्लॅरेन्स पेरीने १९२९ मध्ये शेजार-घटक म्हणून जे मांडलं होतं, प्राथमिक शाळा मध्ये, मोठे रस्ते कडेने, लहान मूल चालत शाळेत जाईल एवढं अंतर, त्याची तुलना लक्ष्मीनगरशी करून पहा.

पण शहर वाढण्याचा वेग आणि लेआउट आखण्याचा वेग जुळलाच नाही. शेतकऱ्याने शेत विकलं, कोण्या गृहनिर्माण सोसायटीने किंवा डेव्हलपरने चुन्याच्या रेघा मारल्या, बॉन्ड पेपरवर प्लॉट विकले. ५७२ लेआउट आणि १९०० लेआउट (अनधिकृत लेआउटच्या याद्या) हे शब्द इथे कोणत्याही चहाच्या टपरीवर विचार, लोक आकडे पाठ म्हणून दाखवतात. मग २००१ चा गुंठेवारी कायदा आला, विकास शुल्क भरा आणि आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, घ्या. माझ्या वडिलांनी पूर्ण आयुष्याची जमा घालून असाच प्लॉट घेतला, नकाशात समोर बगिचा दाखवला होता, आज तिथे दुसऱ्याचं घर आहे. आमच्या गल्लीचा रस्ता तीन घरांपुढे एकदम अरुंद होतो कारण तिथे शेताची धुरा (बांध) होती आणि पुढचा लेआउट दुसऱ्याने पाडला, दोघांचे रस्ते एकमेकाला भेटतच नाहीत. फायर ब्रिगेडची गाडी आत वळू शकत नाही. सिटी सर्व्हेचा नकाशा आणि जुना सातबारा एकावर एक ठेव, आमच्या भागातले सगळे वाकडे रस्ते शेताच्या धुऱ्यावरून गेलेले दिसतील.

सिद्धांतात जमिनीचा मालक कोण आणि तिचे कागद कसे हे कुठेच येत नाही. इथे माणूस कुठे राहील ते कागदच ठरवतात. टीपी स्कीम, म्हणजे सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते-मैदानं काढून उरलेले प्लॉट परत वाटायचे, ही पद्धत १९१५ च्या मुंबई कायद्यापासून आपल्या राज्यात आहे, वेळेवर केली असती तर आज वडिलांसमोर बगिचा असता.

---

आर्किटेक्ट_धंतोली

थोडक्यात लिहिते, कामावर आहे. ताई, सिद्धांत आणि नियोजन वेगळं ठेव. बर्जेस-हॉइट शहर कसं आहे ते सांगतात, डीपी, म्हणजे विकास आराखडा, शहर कसं असावं ते सांगतो. १९६६ च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याखाली डीपी होतो, त्यात झोन आणि आरक्षणं असतात, आणि आरक्षणाची जमीन मुदतीत घेतली नाही तर मालक नोटीस देऊन ती सोडवून घेऊ शकतो. म्हणून नकाशातला बगिचा आणि जागेवरचा बगिचा यात फरक पडतो, तो मोज, एका वॉर्डात का होईना.

मेट्रोचं विचारलं नाहीस पण व्हायवात विचारतील. दोन्ही मार्ग २०२२ च्या डिसेंबरात पूर्ण झाले, बर्डीला एकमेकांना छेदतात. मार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरच्या पट्ट्यात जास्त एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण), ४ पर्यंत, प्लॉट आणि रस्त्याच्या रुंदीप्रमाणे. म्हणजे सरकारने स्वतः वृत्तखंड आखले. कुठे उंच इमारती आल्या आणि कुठे नुसते भाव वाढले ते वर्धा रोड आणि सेंट्रल अव्हेन्यू दोन्हीवर चालत जाऊन बघ, सेंट्रल अव्हेन्यूला प्लॉट लहान आणि वाटण्या झालेले असल्याने एफएसआय वापरायला जमीन एकत्रच होत नाही.

पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आला, दहा वर्षं इथली शहरं फिरला, त्याचं म्हणणं हेच की आधी पाहणी, मग निदान, मग योजना, आणि जुनं गाव बुलडोझरने सरळ न करता जिथे गरज तिथेच हात लावायचा. महालसाठी मी आजही तेच सांगेन.

---

भूगोलवाली_पोट्टी

सर्वांना पुन्हा धन्यवाद. सरांशी बोलले, शीर्षक बदलायला हो म्हणाले. आता शेवटचा प्रश्न, जमिनीचा भाव कुठून आणू? दुकानदार सांगत नाहीत, ब्रोकर वाट्टेल तो आकडा सांगतात.

---

नकाशावाला

रेडी रेकनर. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर मौजानिहाय दर असतात, मोफत. बाजारभाव नाही तो, पण सगळ्या शहराला एकच फूटपट्टी मिळते. बर्डीपासून पूर्वेला एक रेघ मार इतवारीवरून पारडीपर्यंत, आणि दुसरी नैर्ऋत्येला वर्धा रोडने खापरीपर्यंत. प्रत्येक मौजाचा दर त्या रेघेवर मांड. अलोन्सो म्हणतो तसा एकच उतार येतो, की रुळाच्या दोन्ही बाजूंना दोन शिखरं येतात, ते पहिल्याच आलेखात दिसेल.

---

इतवारीकर

सराफा ओळीत यायचं तर आधी इथे कळव ताई. वर कारागिरांकडे सोबत नेतो, अनोळखी माणसाला ते जिना चढू देत नाहीत.